हिमनदी आणि पाण्याची पाळी

आपल्या विद्यालयाच्या स्मरणिकेत हिमनद्यांवर लेख कशासाठी, असा प्रश्न अनेक वाचकांच्या मनात येईल आणि तो रास्तच आहे. सह्याद्रीत हिमनदी नाही. गोदावरी, भीमा, कृष्णा या आपल्या नद्या पावसावर जगतात. त्यांच्या उगमाशी बर्फाचा कणही नसतो. शिवाय आपल्यापुढचे प्रश्न वेगळे आहेत. मुलामुलींची शिष्यवृत्ती वेळेवर मिळत नाही, वसतिगृहांतून प्रवेश अपुरे पडतात, पदवी हाती आली तरी नोकरी मिळत नाही. अशा वेळी हिमालयातला बर्फ वितळतो आहे ही चिंता पोटभर जेवलेल्यांनी करावी, आपण का करावी, असे आमच्याच समाजातील जाणती माणसे म्हणताना आम्ही ऐकले आहे. हे मत आम्हांला मान्य नाही. ते का मान्य नाही एवढेच सांगण्यासाठी हा लेखनप्रपंच.

प्रथम हिमनदी म्हणजे काय ते स्पष्ट व्हावयास हवे, कारण चित्रपटांनी आणि पर्यटनाच्या जाहिरातींनी ती केवळ देखाव्याची वस्तू करून टाकली आहे. उंच पर्वतावर वर्षानुवर्षे पडलेले भुसभुशीत हिम आपल्याच भाराने दबत जाते, त्याचा घट्ट बर्फ बनतो आणि तो बर्फ उतारावरून अत्यंत मंद गतीने खाली सरकू लागतो. वरच्या भागात हिमाची भर पडते, खालच्या भागात ते वितळते. हा जमाखर्च जुळला तर हिमनदी टिकते. खर्च वाढला की तिचे मुख मागे हटते आणि अंग रोडावते. व्यवहारात पाहिले तर हे एक कोठार आहे. हिवाळ्यात आलेले पाणी ते राखून ठेवते आणि नेमके उन्हाळ्यात, शेताला तहान लागते तेव्हा, थोडे थोडे सोडते. त्यासाठी ना धरण बांधावे लागले, ना कुणाला विस्थापित व्हावे लागले.

हे कोठार आता रिकामे होत आहे. हिंदुकुश-हिमालय प्रदेशाचा अभ्यास करणाऱ्या काठमांडू येथील ‘इसिमोड’ या संस्थेने 2023 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार, 2011 ते 2020 या दशकात तेथील हिमनद्या आधीच्या दशकापेक्षा 65 टक्के अधिक वेगाने घटल्या. पृथ्वीची तापमानवाढ दीड ते दोन अंशांवर रोखता आली तरी या शतकाच्या अखेरीस त्यांच्या आकारमानाचा तीस ते पन्नास टक्के भाग जाईल. उत्सर्जन असेच वाढत राहिले तर ऐंशी टक्क्यांपर्यंत जाऊ शकेल. गंगोत्री हिमनदीचे मुख, ज्याला आपण गोमुख म्हणतो, ते 1935 पासूनच्या मोजणीत दीड किलोमीटरहून अधिक मागे सरकले आहे. संयुक्त राष्ट्रांनी 2025 हे वर्ष हिमनद्यांच्या संरक्षणाचे वर्ष म्हणून जाहीर केले आणि त्या वर्षापासून 21 मार्च हा हिमनद्यांचा जागतिक दिन ठरविला.

मात्र येथे अतिशयोक्तीचा मोह टाळला पाहिजे. 2007 मध्ये आंतरसरकारी हवामान मंडळाच्या अहवालात हिमालयातील हिमनद्या 2035 पर्यंत नष्ट होऊ शकतील असे एक विधान आले होते. त्याला आधार नव्हता, आणि जानेवारी 2010 मध्ये मंडळाला ते मागे घ्यावे लागले. त्या एका वाक्याने विज्ञानाच्या विरोधकांच्या हाती कोलीत दिले. म्हणून नेमके बोलावे. हिमनद्या गेल्या की गंगा आटेल असे जे सर्रास सांगितले जाते तेही खरे नाही. मैदानातील गंगा प्रामुख्याने मोसमी पावसाची नदी आहे. सिंधूचे तसे नाही. तिच्या खोऱ्यात पाऊस थोडा आणि वितळपाण्यावरचे अवलंबन फार मोठे. काराकोरम रांगेतील काही हिमनद्या तर गेल्या काही दशकांत बव्हंशी स्थिर राहिल्या आहेत. हे सर्व मान्य करूनही घसरण खोटी ठरत नाही. उलट आणखी एक फसवी गोष्ट लक्षात ठेवावी लागते: हिमनदी वेगाने वितळू लागते तेव्हा सुरुवातीला ओढ्यांना पाणी वाढते. लोकांना वाटते, बरे झाले. कोठारातील बी-बियाणे विकून सण साजरा करण्यासारखा हा प्रकार आहे. ती वाढ शिखराला पोहोचली की मग पाणी उतरू लागते, आणि पुन्हा चढत नाही.

हे प्रत्यक्षात कसे घडते ते पाहण्यासाठी लडाखकडे वळू. लेह येथे वर्षाला सुमारे शंभर मिलीमीटर पाऊस-हिम पडते. आपल्याकडे माण-खटावला दुष्काळी म्हणतो, तेथेही याच्या कितीतरी पट पाऊस होतो. तरीही लडाखी माणूस शतकानुशतके सातूचे पीक घेत आला, जर्दाळू पिकवत आला, तो केवळ वरच्या हिमनदीच्या आणि हिमाच्या भरवशावर. डोंगरातून येणारा ओढा लहान पाटांनी शेतापर्यंत न्यायचा, रात्रीचे पाणी तळ्यात साठवायचे, दिवसा पाळीने सोडायचे. ही पाळी ठरविणारा माणूस गावाने नेमलेला असतो. त्याला चुरपोन म्हणतात. कोणाच्या शेतात किती वेळ पाणी जाईल हे तो ठरवितो आणि सारे गाव त्याचा शब्द मानते. धुळे-नाशिक भागातील आपल्या वाचकांना हे अनोळखी वाटणार नाही. पांझरा-मोसम खोऱ्यांतील फड पद्धतीत पाटकरी हेच काम करीत आला आहे.

या व्यवस्थेचे गोडवे गाताना आम्हांला थोडे थांबावेसे वाटते. ज्याला शेत नाही त्याला पाळी नाही, हा नियम लडाखातही आहे. बौद्ध लडाखी समाजातही वाजंत्री वाजविणारे मोन व बेडा आणि लोहारकाम करणारे गारा यांना खालचे मानले गेले आणि त्यांतील अनेक जण भूमिहीन राहिले. धम्माचा ध्वज असला की समता आपोआप येते असे नाही. पाणी आटू लागते तेव्हा सर्वांत आधी कोणाचा घसा कोरडा पडतो, हा प्रश्न जसा मराठवाड्यातील वस्तीला लागू आहे तसाच तो हिमालयातील गावालाही लागू आहे.

लडाखच्या शेतीची अडचण वेळेची आहे. पेरणी एप्रिल-मे महिन्यांत करावी लागते, कारण पीक हाती येण्यास मिळणारा उन्हाळा तोकडा. पण उंचावरील हिमनदी खऱ्या अर्थाने वितळू लागते ती जूनमध्ये. पूर्वी मधली ही तूट खालच्या उतारांवर साचलेले हिवाळी हिम भरून काढी. आता ते हिम कमी पडते, लवकर नाहीसे होते, आणि हिमनदीचे मुख आणखी वर, आणखी थंड उंचीवर गेलेले असते. पेरणीच्या ऐन वेळी पाट कोरडा. जांस्कर भागातील कुमिक या प्राचीन गावाची कहाणी यातूनच घडली. गावावरच्या डोंगराचे हिम घटत गेले, ओढा क्षीण झाला, आणि अखेर गावकऱ्यांनी एकत्र बसून गाव सोडण्याचा निर्णय घेतला. खाली नदीजवळच्या मारथांग या उजाड माळावर त्यांनी नवी वस्ती मांडायला घेतली. तेथेही पाणी आयते नव्हते. नदीचे पाणी माळावर आणण्यासाठी कालवा खणावा लागला, तो त्यांनी वर्षानुवर्षे स्वतःच्या हातांनी खणला. विस्थापन म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे धरणग्रस्त येतात, कारखाना येतो, सरकारी नोटीस येते. कुमिकला नोटीस कोणी दिली? ज्यांनी ती दिली ते हजारो मैलांवर आहेत, आणि आपण ती दिली हे त्यांना ठाऊकही नाही.

या संकटापुढे लडाखी माणसे हात जोडून बसली नाहीत. ग्रामविकास खात्यात अभियंता असलेल्या चेवांग नोर्फेल यांच्या ध्यानात आले की हिवाळ्यात ओढ्यांचे पाणी वाया जाते आणि सावलीत, संथ वाहत असेल तेथे ते गोठते. त्यांनी 1987 मध्ये फुकत्से गावी ओढ्याचे पाणी दरीच्या सावलीच्या बाजूला वळवून, दगडी बांधांनी त्याचा वेग मोडून, थरावर थर गोठविले. ही कृत्रिम हिमनदी नैसर्गिक हिमनदीपेक्षा खाली, गावाच्या जवळ असल्यामुळे आधी वितळते. पेरणीला पाणी मिळते. खर्च अल्प, साहित्य गावातले. 2015 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. पुढे सोनम वांगचुक आणि सेकमोल या निवासी संस्थेतील विद्यार्थ्यांनी 2013-14 च्या हिवाळ्यात निराळी युक्ती केली. उंचावरून नळाने आणलेले पाणी स्वतःच्या दाबाने कारंज्यासारखे उडवायचे; कडाक्याच्या रात्री ते हवेतच गोठू लागते आणि शंकूच्या आकाराचा बर्फाचा ढीग उभा राहतो. त्या आकारामुळे बर्फाच्या मानाने उन्हात येणारा पृष्ठभाग कमी, म्हणून तो उशिरापर्यंत टिकतो. सुमारे सहा मीटर उंचीचा तो पहिला ढीग मे महिन्याच्या मध्यापर्यंत टिकला. आकार स्तूपाचा, म्हणून नाव हिमस्तूप. पुढे फ्यांग मठाच्या सहकार्याने त्याच्या पाण्यावर वाळवंटात विलो आणि पॉप्लरची रोपे लावली गेली.

निवासी विद्यालयातील मुलांनी हे केले, ही गोष्ट आपल्या विद्यार्थ्यांनी मुद्दाम लक्षात घ्यावी. भूगोलाच्या पुस्तकातील प्रश्न त्यांनी अंगणात आणून सोडविला. तरीसुद्धा हिमस्तूपाची छायाचित्रे पाहून ‘झाला प्रश्न सुटला’ म्हणणाऱ्या उत्साही मंडळींशी आमचा मतभेद आहे. हिमस्तूप नवे पाणी निर्माण करीत नाही; हिवाळ्यातले पाणी वसंतात नेतो, एवढेच. ज्या ओढ्यातून ते पाणी घ्यायचे तो ओढाच वरच्या हिमावर जगतो. वरचे हिम संपले तर नळ कशाला जोडणार? स्वतः या कामातील माणसांनी त्याला कायमचा उपाय म्हटलेले नाही. तसे म्हणतात ते दुरून टाळ्या वाजविणारे. गरिबांच्या कल्पकतेचे कौतुक करून आपली जबाबदारी झटकण्याची ही रीत आपल्या समाजाला चांगली परिचयाची आहे.

पाण्याच्या टंचाईचीच दुसरी बाजू पुराची. मागे हटणारी हिमनदी आपल्या मुखाशी खड्डा सोडते, त्यात तळे साचते, आणि त्याला बांध असतो तो फक्त हिमनदीनेच वाहून आणलेल्या सुट्या दगडगोट्यांचा. सिक्कीममधील दक्षिण ल्होनाक सरोवर असेच वाढत गेले. धोका आहे हे अभ्यासकांनी सांगितले होते. 2016 मध्ये नळ टाकून त्यातील काही पाणी काढण्याचा प्रयत्नही झाला होता. 3 आणि 4 ऑक्टोबर 2023 च्या मधल्या रात्री काठाचा मोठा भाग सरोवरात कोसळला, लाट उसळली, बांध फुटला आणि तिस्तेच्या खोऱ्यात हाहाकार उडाला. चुंगथांगचे धरण, 1200 मेगावॅट वीजप्रकल्पाचे, त्या रात्री वाहून गेले. शंभराहून अधिक माणसे दगावली अथवा बेपत्ता झाली. त्याआधी 2013 च्या जूनमध्ये केदारनाथच्या वरचे चोराबारी सरोवर फुटले होते. फेब्रुवारी 2021 मध्ये चमोलीत खडक आणि बर्फाचा कडा कोसळून दोन वीजप्रकल्पांतील मजूर गाडले गेले. या मजुरांत कोण होते? घरदार सोडून दूरदूरच्या गावांहून रोजीरोटीसाठी आलेली माणसे. सूचना देणारी यंत्रणा आधी आणि धरण नंतर, एवढा साधा क्रम आपल्या नियोजनकारांनी पाळावा असे म्हणणे म्हणजे विकासाला विरोध नव्हे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर 1942 ते 1946 या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर, सिंचन व वीज ही खाती सांभाळीत होते. संपूर्ण नदीखोऱ्याचा एकत्रित विचार करून नियोजन करावे, हा त्यांचा आग्रह होता. खोऱ्याचा विचार म्हणजे उगमापासूनचा विचार. उगमाशी काय घडते आहे ते न पाहता मध्येच भिंत घालणे या आग्रहात बसत नाही.

आता एका निराळ्या आक्षेपाकडे वळू, जो आपल्या उपासक वर्गातूनच येतो. ‘सब्बे सङ्खारा अनिच्चा’ म्हणणारे आपण. सर्व संस्कार अनित्य, मग हिमनदीही अनित्यच, तिचा शोक कशाला? आम्हांला हा युक्तिवाद धम्माचा वाटत नाही, आळसाचा वाटतो. तथागतांनी अनित्यता सांगितली तशी प्रतीत्यसमुत्पादाची शिकवणही दिली: हे असले की ते होते, हे नसले की ते होत नाही. हिमनदी घटते आहे ती काही कारणांनी. कोळसा आणि तेल जाळून हवेत साठलेला कर्बवायू हे मुख्य कारण. डिझेल, वीटभट्ट्या, पेटवलेली शेते यांची काजळी बर्फावर बसून तो काळवंडतो आणि ऊन अधिक शोषतो, हे दुसरे. कारणे माणसाने निर्माण केली, ती माणसाला कमी करता येतात. (या काजळीच्या चर्चेत गरीब बाईच्या चुलीकडे बोट दाखविण्याची घाई अनेकांना असते. तिला परवडेल असा गॅस द्या आणि मग बोला.) अनित्यतेच्या नावाखाली कारणांकडे डोळेझाक करायची असेल, तर रोग्याला औषध तरी कशाला द्यावे?

मे 2025 मध्ये नेपाळच्या लांगटांग खोऱ्यात याला हिमनदीला निरोप देण्यासाठी माणसे जमली. 1970 च्या दशकापासून ही हिमनदी 66 टक्के आकसली आहे. तेथे बौद्ध भिक्षूंनी विधी केला, स्मृतिफलक बसविले गेले. वैज्ञानिक आणि भिक्षू एकाच माळावर उभे राहिले, याचे आम्हांला अप्रूप वाटते. तेथे अनित्यतेचा स्वीकार होता, पण ‘चालायचेच’ असा भाव नव्हता. ज्या हिमनदीवर कित्येक वर्षे मोजमापे घेतली, ती आता मोजण्यासारखीही उरणार नाही, याची ती नोंद होती.

आणि आता मूळ प्रश्नाकडे: हा विषय आपला कसा? डॉ. बाबासाहेबांच्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन आपल्याकडे वर्षावासात घरोघरी होते. त्यात सिद्धार्थाच्या गृहत्यागामागे कोणते कारण दिले आहे? रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलीय यांच्यात पेटलेला कलह. सिद्धार्थाने युद्धाला विरोध केला. दोन्ही पक्षांनी दोन-दोन माणसे निवडावीत, त्या चौघांनी पाचवा निवडावा आणि या पाचांनी तंटा मिटवावा, असे सुचविले. बहुमताने ते नाकारले. म्हणजे आपल्या परंपरेच्या दाराशीच पाण्याच्या वाटणीचा प्रश्न उभा आहे. सिंधूचे पाणी वाटणारा करार 1960 मध्ये झाला. हिमनद्या घटल्या तर वाटणी कशी करायची, याचा त्यात शब्द नाही, आणि एप्रिल 2025 पासून तर तो करारच भारताने स्थगित ठेवला आहे. रोहिणी लहान होती. सिंधूच्या काठी कोट्यवधी लोक राहतात.

20 मार्च 1927 रोजी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी बाबासाहेबांनी ओंजळीत घेतले. ते तळे कुणाच्या मालकीचे, त्यातून कोणी प्यावे, हा वाद न्यायालयात दहा वर्षे चालला आणि 17 मार्च 1937 रोजी मुंबई उच्च न्यायालयाने अस्पृश्यांच्या बाजूने निकाल दिला. तेथे पाणी भरपूर होते, अधिकार नव्हता. येणाऱ्या काळात अधिकार कागदावर असेल आणि पाणीच अपुरे असेल. अपुऱ्या पाण्यात वाटणीचे जुने नियम फार लवकर वर येतात. गावकुसाबाहेरच्या माणसाला हे शिकवावे लागत नाही. भारतीय माणसाच्या वाट्याला येणारे कर्ब-उत्सर्जन जगाच्या सरासरीच्या निम्म्याहून कमी आहे, आणि भारतातही ते सर्वांचे सारखे नाही. ज्यांनी सर्वांत कमी जाळले त्यांचा पाट सर्वांत आधी कोरडा पडावा, हा अन्याय ओळखण्याची दृष्टी आपल्याकडे आहे. ती वापरायची नाही, असे का ठरवावे?

विद्यालयापुरते सांगायचे तर आमच्या मागण्या थोड्या आहेत. माजी विद्यार्थ्यांपैकी बरेच जण आता सुस्थितीत आहेत आणि सुटीत लेहला जातात. जरूर जावे, पण तेथील हॉटेलात दोन-दोन वेळा अंघोळ करताना ते पाणी कोठून येते हे विचारावे. लडाखी घरांत पाणी न लागणारी कोरडी संडासे पिढ्यान्‌पिढ्या होती. पर्यटकांसाठी पाण्याची संडासे आली आणि कूपनलिका आल्या. महाराष्ट्रातील गिर्यारोहकांच्या आवडीचे स्तोक कांग्री हे शिखर 2020 पासून काही वर्षे चढाईसाठी बंद ठेवावे लागले, कारण माणसांच्या गर्दीने तेथील हिमनदीवर आणि खालच्या गावाच्या पाण्यावर ताण पडला होता. हा निर्णय तेथील पर्यटन व्यावसायिकांनी स्वतःच्या उत्पन्नावर पाणी सोडून घेतला, हे विशेष.

शिक्षकांना विनंती अशी की आठवी-नववीच्या मुलांना हिमनदीची व्याख्या पाठ करायला लावू नये. आपल्या वसतिगृहात रोज किती पाणी येते, कोठून येते, कोणाच्या पाळीतून येते आणि उन्हाळ्यात टँकर कोणत्या विहिरीवर भरतो, याची वही मुलांनी वर्षभर ठेवावी. मग त्यांना कुमिकची गोष्ट सांगावी. ज्या मुलीने भल्या पहाटे हंड्यांची रांग पाहिली आहे, तिला चुरपोन कोण हे एका वाक्यात कळेल, आणि ती कदाचित असा एखादा प्रश्न विचारील की त्याचे उत्तर आम्हां कोणाकडेच नसेल.